घडीताईची चौथी ग्रंथी

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईचा विभाग होता, आणि तिथे ती ऐन तारुण्यापासून चादरींच्या घड्या घालत होती. हजेरीच्या कार्डावर तिचं एक चांगलं, भारदस्त नाव होतं, पण ते पगारापुरतं. बाकी सगळ्यांसाठी ती घडीताई. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की एक टोक तिने धरायचं आणि दुसरं लंबूने. लंबू म्हणजे तिची जोडीदारीण. उंचीने दाराच्या चौकटीला टेकणारी आणि बोलायला लागली की त्याहून वर जाणारी. दोघींनी चादर ताणायची, एक झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावत एकमेकींच्या दिशेने चालत यायचं. हाताला हात लागला की घडी पुरी. लंबू म्हणायची, "लग्नाच्या नवऱ्याचं तोंड मी इतकं बघितलं नाही, जितकं तुझं बघितलंय."

थकवा नेमका कधी आला, ते घडीताईला सांगता आलं नसतं. ताप येतो तसा तो आला नव्हता. सकाळी डोळे उघडायची तेव्हाच ती दमलेली असायची, जणू झोपेतही कुणी तिच्याकडून चादरी झटकून घेतल्या होत्या. मांड्यांची हाडं आतून ठणकायची. पोट साफ व्हायचं नाही. आणि तहान तर अशी, की घशाखाली पाणी उतरतंय तोवर पुढचा घोट हवा असायचा. पण तळघरात सदा वाफ भरलेली, तहान तिथे कुणाला लागत नव्हती? ती पाणी प्यायची, मग सारखी बाथरूमकडे धावायची, आणि लंबू चादरीचं एक टोक धरून ताटकळत उभी राहायची.

"अगं, तू पाणी पितेस की पाणी तुला पितं?" लंबू विचारायची.

हळूहळू विसरभोळेपणा वाढला. दूध उतू जाऊन शेगडी विझायची आणि ही शेजारीच उभी. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, "ते हे... आपलं ते" करत ती हात हलवत राहायची. घरात सगळे कशावर तरी खो खो हसले की आपणही हसायला हवं होतं, हे तिला जरा उशिराने कळायचं. रडू मात्र वेळेवर यायचं, तेही कारण नसताना.

कारणं सांगायला माणसांची कमी नव्हती. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "पाळी जायचं वय आहे, बाई. होणारच." त्यांनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. पुढच्या वर्षी ताकदीच्या दिल्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "घरी काही ताणतणाव?" आणि मन शांत राहायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्यावर ती शांत झाली खरी, पण दगड शांत असतो तशी. मोठी जाऊ म्हणाली, "तू स्वतःला कामाला लावून घे, म्हणजे बरं वाटेल." हे दिवसभर उभ्याने चादरी झटकणाऱ्या बाईला!

नवरा नळ दुरुस्तीची कामं करायचा. मनाने चांगला माणूस, पण कुठलीही अडचण म्हटली की हातात पाना घेऊन धावणारा. तिची हाडं दुखतात म्हटल्यावर तो औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्यांचा भला मोठा डबाच घेऊन आला. "हाडं दुखतात ना? मग हाडांना खायला घाल," तो म्हणाला. त्याच्या समाधानासाठी ती मुकाट्याने रोज एक गोळी गिळायला लागली.

मधल्या काळात तिला दोनदा मुतखडा झाला. पहिल्या वेळी ती रोलरपाशीच कळवळून खाली बसली आणि लंबूला वाटलं, हिला बाळंतपणाच्या कळा येतायत. दोन्ही खेपेला खडा काढला गेला, दोन्ही खेपेला डॉक्टरांनी बजावलं, "पाणी भरपूर प्या."

"आणखी किती पिऊ?" तिने विचारलं होतं. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

खडे होतायत, पण का होतायत, हे कुणी विचारलं नाही. मग मनगट मोडलं.

धुलाईच्या यंत्रातून ओल्या चादरींचा पिळा काढून गाड्यात टाकायचा असतो. नेहमीचंच काम. त्या दुपारी पिळा उचलताना तिच्या मनगटात सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. ती पडली नव्हती, घसरली नव्हती. हात मात्र लुळा पडून लोंबत होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत होती. लंबूने तिला तशीच रिक्षात घातली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं.

तिथले हाडांचे डॉक्टर तुसडे होते. प्लॅस्टर घालताना त्यांनी वर न बघताच विचारलं, "कशा पडलात?"

"पडले नाही. ओल्या चादरी उचलत होते."

"एवढ्याने हाड मोडत नसतं."

"माझं मोडलं," ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी वर बघितलं. एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. मग प्लॅस्टरने माखलेले हात तसेच ठेवून प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. याआधी हाड मोडलंय? अंग दुखतं? खडे झालेत कधी?

"दोनदा," लंबूच उत्तरली. "आणि हिला तहान किती लागते विचारा. पोटात हौद आहे हिच्या."

"कॅल्शियम घेता?"

"रोज. नवऱ्याने आणलंय."

"आजपासून बंद. आणि मी सांगतो ते रक्त तपासून या."

रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. प्रयोगशाळेची चूक नको म्हणून पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. तुसड्या डॉक्टरांनी तिला ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. या बाई संथ बोलायच्या आणि रुग्ण बोलत असताना लिहायच्या नाहीत. नवराही सोबत होता. बाईंनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून सांगितलं, "इथे थायरॉइड असते, ते तुम्ही ऐकलं असेल. तिच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या एक हार्मोन सोडतात, मग हाडांतून थोडं कॅल्शियम रक्तात येतं. पुरेसं झालं की त्या थांबतात. तुमच्यातली एखादी थांबतच नाहीये. रक्तात कॅल्शियम एवढं चढलंय, तरी हार्मोन वरच. म्हणजे हाडं पोखरून ती रक्तात कॅल्शियम ओततेय, आणि जास्तीचं मूत्रपिंडात जाऊन त्याचे खडे होतायत."

नवरा एकदम सरसावून बसला. "म्हणजे टाकीचा बॉल कॉक बिघडलाय! टाकी भरली तरी पाणी चालूच."

"अगदी तसंच नाही," बाई म्हणाल्या, "पण चालेल."

"मग बदलून टाकू."

"बदलता येत नाही. बिघडलेली काढून टाकता येते. उरलेल्या तिघी काम सांभाळतात."

घडीताई दोघांकडे बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, की भीती वाटायला हवी होती, ते तिला ठरवता येईना. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

बाईंनी 'नाही' म्हणून मान हलवली. नवरा खिडकीबाहेर बघू लागला. तो शब्द त्याने कधी तोंडावर वापरला नव्हता, पण घरात तो नव्हताच असंही नाही.

मग तपासण्यांचा ससेमिरा लागला. एक अख्खा दिवस-रात्र लघवी साठवून द्यायची होती, किती कॅल्शियम वाहून जातंय ते बघायला. प्रयोगशाळेने एक पांढरा कॅन दिला. सुट्टीच्या दिवशी तिने तो बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो काठोकाठ भरला. नवरा दुसरा कॅन आणायला गेला तेव्हा खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, हे एकाच माणसाचं आहे ना?" तो घरी येऊन हे सांगताना हसून हसून बेजार झाला. घडीताईही हसली, या वेळी वेळेवर.

हाडांची घनता मोजली, ती तिच्या वयाच्या मानाने फार घसरली होती. मग बिघडलेली ग्रंथी कुठली ते शोधायचं होतं. गळ्याची सोनोग्राफी झाली. शिरेत औषध टोचून मोठ्या यंत्राखाली निश्चल पडून राहायची तपासणी झाली. "हलू नका" असं सांगितलं गेलं, आणि तिला गाढ झोप लागली. कुणी हलू नका म्हणून सांगण्याची जणू ती वाटच बघत होती. तंत्रज्ञाने उठवलं तेव्हा ती ओशाळली.

पण यंत्रात काही दिसलं नाही. सोनोग्राफीतही नाही.

"दिसली नाही म्हणजे नाही असं नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार रक्ताने ठरतो, तो ठरलाय. चित्र फक्त कुठे कापायचं ते सांगतं. आता शल्यचिकित्सकाला चारही ग्रंथी उघडून बघाव्या लागतील. अनुभवी माणूस हवा. थांबावं लागेल."

थांबणं लांबलं. तोवर पाणी पीत राहायचं, दूध-दही नेहमीइतकं घ्यायचं पण गोळ्या नाही, आणि उलट्या व्हायला लागल्या किंवा गुंगी आली तर लगेच यायचं, असं सांगितलं होतं. आता नातेवाइकांची पाळी आली. यंत्रात जे दिसत नाही ते गळा कापून कसं दिसणार? मोठ्या जावेने तर एक बाई शोधून काढली जिचा आवाज गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. नवऱ्याचाही धीर सुटायला लागला. "गळती सापडली नसताना भिंत फोडायची नसते," तो पुटपुटला.

घडीताई कुणाशीच वाद घालत नव्हती. प्लॅस्टर निघाल्यावर ती कामावर परतली होती, हलक्या कामावर म्हणून उशांचे अभ्रे घडी करायला. एक दिवस लंबूने तिला खांद्याला धरून हलवलं. हातात अभ्रा तसाच, आणि ही उभ्या उभ्या झोपलेली.

"हे बघ," लंबू म्हणाली, "तुझा आवाज गेला तर मी दोघींचं बोलेन. मला जमेल. पण तू अशी उभ्याने मरू नकोस. मला बघवत नाही."

लंबूच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत ते घडीताईने कधी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "मी ऑपरेशन करून घेतेय." त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "अहो, मला विचारायचं नाहीये," ती म्हणाली. "मी सांगतेय."

शल्यचिकित्सकांनी गळ्याच्या खालच्या वळीत आडवा छेद घेतला. तीन ग्रंथी आपापल्या जागी मिळाल्या, छोट्या आणि सरळमार्गी. चौथी जागेवर नव्हती. ती खाली घसरून छातीच्या तोंडाशी दडून बसली होती, बदामाएवढी फुगून. ती काढल्यावर तिथल्या तिथे रक्त तपासायला पाठवलं, आणि हार्मोन धाडकन खाली आलेलं बघूनच त्यांनी टाके घातले. हे सगळं नवऱ्याला त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. नवऱ्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "बदामाएवढीच? एवढ्याशा वस्तूने आमचं घर...?"

शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा आवाज काढून बघितला. घोगरा होता, पण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. मग बोटांत. मग बघता बघता हाताची बोटं आखडून चोचीसारखी जवळ आली आणि सरळ होईनात. नवरा परिचारिकेला हाका मारत धावला. शिरेतून कॅल्शियम चढवलं, तेव्हा बोटं हळूहळू सैल पडली.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. "घाबरू नका. तुमची हाडं इतकी वर्षं उपाशी होती. आता चोर गेलाय, तर ती मिळेल तेवढं कॅल्शियम ओढून घेतायत. उरलेल्या तिघीही अजून झोपेतून उठतायत. काही दिवस आपल्याला वरून द्यावं लागेल. मुंग्या आल्या की लगेच सांगायचं, थांबायचं नाही."

"म्हणजे परत गोळ्या?" नवऱ्याने विचारलं. "ज्या मी आणल्या होत्या त्याच?"

"तशाच. पण त्याहून पुष्कळ."

तो मान डोलावत राहिला. "तेव्हा घेतल्या तर वाईट, आता नाही घेतल्या तर वाईट. माझं आपलं नळांचं काम बरं."

घरी आल्यावर आठवडाभर मूठमूठभर गोळ्या खाल्ल्या, मग त्या कमी होत गेल्या. तिला वाटलं होतं, एक दिवस सकाळी उठेन आणि अंग पिसासारखं हलकं असेल. तसं काही झालं नाही. सगळ्यात आधी तहान गेली, आणि गेली हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. दुपार झाली तरी पाण्याची बाटली भरलेली. मग महिन्याभराने मांड्यांची ठणक उतरली. शब्द परत यायला लागले, एकेक करून. काही महिने कॅल्शियम ठीक राहिल्यावर बाईंनी सांगितलं, "आता बरं झालं म्हणायला हरकत नाही. वर्षातून एकदा रक्त दाखवत जा."

थकवा मात्र सगळा गेला नाही. पूर्वी दिवसभर अंथरुणात पडूनही तो हटत नसे. आता काम केलं की यायचा आणि बसलं की जरा उतरायचा. तेवढ्यावरही तिचं समाधान होतं. नवऱ्याचं मात्र त्याहून जास्त होतं. तो ज्याच्या घरी नळ दुरुस्त करायला जाई त्याला ग्रंथीची कथा ऐकवी. मागची सगळी वर्षं त्याने त्या बदामाएवढ्या गाठीच्या नावावर टाकली. तिचं चिडणं ग्रंथीमुळे. लग्नकार्यात कोपऱ्यात बसून राहणं ग्रंथीमुळे. मीठ जास्त पडायचं तेही ग्रंथीमुळेच.

घडीताईने हे चालू दिलं. मग एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसला. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा दीर, पूर्वी एकदा त्यांच्याकडे कायमचा राहायला येऊ म्हणत होता, आणि तिने ठाम नकार दिला होता. दीर दिवसा झोपायचा, संध्याकाळी पिऊन यायचा आणि वर जेवणाला नावं ठेवायचा.

"तो परत विचारतोय," नवरा म्हणाला. "तेव्हा तुझी तब्येत अशी होती. ग्रंथीने तुझं डोकं फिरवलं होतं. आता तू बरी झालीस, तर म्हटलं..."

"अहो," ती म्हणाली, "तेव्हाचं ते 'नाही' मी म्हणाले होते. ग्रंथी नाही."

"अगं, पण..."

"माझं सगळंच त्या गाठीच्या नावावर टाकू नका. थोडं माझंही राहू दे."

त्याने उरलेला चहा संपवला आणि कप स्वतःच विसळून ठेवला. दीर आला नाही, आणि नवऱ्याने नळांच्या गिऱ्हाइकांना ती कथा सांगणंही कमी केलं. ती दोघं आधीपेक्षा जास्त बोलायला लागली असं काही नाही. पण 'आळशी' हा शब्द, जो घरात न बोलता वावरत होता, तो गेला.

मनगट पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही, म्हणून सुपरवायझरने तिला फाटक्या चादरी शिवायच्या मशीनवर बसवलं. लंबूला नवी जोडीदारीण मिळाली, पण दोघींची लय काही जमत नव्हती. दुपारच्या सुट्टीत लंबू येऊन मशीनशेजारच्या गठ्ठ्यावर अंग टाकायची. तिचंही बोलणं अलीकडे आटलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची. सकाळी उठवत नाही म्हणायची. कशातच मन लागत नाही म्हणायची.

"चल, रक्त तपासून घे," घडीताई मागे लागली. "माझ्या वेळी सगळे वयच म्हणत होते." आणि तिने लंबूला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

अहवाल आले त्या दिवशी लंबू एकटीच आत गेली. घडीताई बाहेर बाकावर बसून राहिली, मनातल्या मनात तिला ऑपरेशनची तयारी कशी करायची ते सांगत. दार उघडलं, आणि लंबू बाहेर आली ती परीक्षेत नापास झाल्यासारखं तोंड करून.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. कॅल्शियम ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक, रक्तही चांगलं. गुडघ्यांना व्यायाम सांगितलाय. थोडी विश्रांती घ्या म्हणाल्या."

"अगं, मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसलं?" लंबू म्हणाली. "तुझी निदान गाठ तरी निघाली. माझं काय काढणार?"

घडीताईने तिच्या हातातले अहवाल घेऊन आपल्या पिशवीत ठेवले. दोघी चालत बसथांब्यापर्यंत आल्या आणि बाकावर टेकल्या. बस आली, दार उघडलं. लंबू उठली नाही. घडीताईनेही कंडक्टरला हातानेच "जा" म्हणून खूण केली आणि पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.